रातांब्यांच्या दिवसांतली मुलाखत

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानाला माझी यादी टाचली गेली, की आमच्या घरात आगोटीचे दिवस सुरू झाले असं समजायचं. पाऊस लागण्याआधी घरात काय भरून ठेवायचं आणि काय आटपायचं, त्याची ती यादी. सुके बांगडे, गोलमो म्हणजे सुकट. माडाच्या चुडतांचे विणलेले झाप. लाकडं पडवीत. मिरच्या, मसाला. विहिरीवरच्या पंपावर पत्रा. दर वर्षी कामं तीच असतात, तरी यादी मी नव्याने लिहिते. जुनी यादी वापरली की एखादं काम आपोआप झाल्यासारखं वाटतं आणि ते नेमकं राहतं. सगळ्यांत वर एकच शब्द असतो, 'रातांबे', म्हणजे कोकमाची फळं. त्याच्यापुढे बरोबरची खूण मी कधीच करत नाही. ते काम संपलं की नाही, हे पाऊस ठरवतो.

यंदा यादी लिहिताना झाप आणि मिरच्या यांच्या मधे पेन जरासं थांबलं. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका पानावर तिथे मी 'मुलाखत' असं लिहिलं होतं. आयेने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते वाचून विचारलं होतं, "ह्यां खंयचा लोणचा?"

आमच्या आचऱ्यातल्या वाडीला या दिवसांत एक वास असतो. आंबट, खारा, त्यात तापलेल्या शेणसारवणाचा थोडा. आणि सगळं लाल. पोरांचे ओठ लाल, आमच्या साड्यांचे काठ लाल, खळ्यातून, म्हणजे अंगणातून, फिरणाऱ्या कोंबड्यांचे पाय लाल. माझी नखं तर एप्रिलपासून जांभळी पडतात ती गणपतीपर्यंत तशीच राहतात. बोटाला कुठे कापलेलं असेल तर रातांबा ते बरोबर शोधून काढतो. पहिले दोन दिवस माणूस हात झटकतो, मग झटकायचं सोडून देतो.

सोल, म्हणजे आमसूल, कसं होतं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगते. रातांबा फोडायचा, आतला गर आणि बिया मीठ घालून पिंपात टाकायच्या, साल उन्हात पसरायची. संध्याकाळी ती साल पिंपात सुटलेल्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. याला आम्ही पूट देणं म्हणतो. पहिल्या पुटाला साल नुसती रुसल्यासारखी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्याला लाल होते. पुढे पुढे ती रस पिऊन काळपट, मऊ आणि जड होत जाते, आणि मुठीत दाबली तर मुठीला चिकटून मग सावकाश सुटते. तेव्हा ते सोल झालं. पुटं चुकवून चालत नाहीत. घाई केली तर पावसाळ्यात बरणीत बुरशी येते, आणि बरणी उघडणारी बाई त्या घरचं नाव वाडीत सांगते.

माझं बी.ए. या खळ्यात झालं, असं मी म्हणते तेव्हा लोकांना तो अलंकार वाटतो. तो अलंकार नाही. बारावीनंतर लग्न झालं, मुलगा झाला, सोलांचं आणि आगळाचं, म्हणजे खारवलेल्या रसाचं, काम वाढलं, त्यात बरीच वर्षं गेली. मुलगा कॉलेजात जायला लागला तेव्हा त्याच्या फॉर्मबरोबर मी माझाही फॉर्म भरला, मुक्त विद्यापीठाचा. पुस्तकं पोस्टाने आली. रविवारी एसटीने मालवणला जायचं, तिथल्या कॉलेजात आमचं अभ्यासकेंद्र. बाकी सहा दिवस मास्तर म्हणजे पुस्तकच. आणि परीक्षा कधी, तर मे महिन्यात. ज्या कोणी ते वेळापत्रक ठरवलं, त्याच्या घरी रातांब्याचं झाड नसणार.

मग दुपारचा अभ्यास. खळ्यात साली पसरलेल्या, कोपऱ्यातल्या माटवाच्या सावलीत मी, मांडीवर पुस्तक, हाताशी कोंबड्या हाकायला एक काठी. एक प्रकरण वाचायचं, उठून साली परतायच्या, येऊन दुसरं प्रकरण. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणीच्या नियमाच्या पानावर माझ्या अंगठ्याचा लाल ठसा अजून आहे. प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि उत्तर मोठ्याने द्यायचं, ही माझी पद्धत. आये पडवीत बसून सुपारी कातरायची. एकदा मी सीमांत उपयोगितेवर अडले तेव्हा ती म्हणाली, "काल ह्यां तुका येय होतां. रात्री पेज जास्त झाली तुका."

लग्नाकार्यात कोणीतरी विचारायचंच, "मुक्तचं म्हणजे घरबसल्या ना?" मी म्हणायचे, "घरी. पण बसायला मिळालं असतं तर रोज कॉलेजातच गेले नसते का?" माणसं हसायची. मीही हसायचे. पण तो 'घरबसल्या' शब्द माझ्या मनात खड्यासारखा राहायचा. भात मऊ असला तरी खडा दाताखाली यायचा तेव्हा येतोच.

बी.ए. चांगल्या गुणांनी झाले. तिथे थांबायला हरकत नव्हती. पण अर्थशास्त्राची शेवटची दोन पुस्तकं वाचताना लक्षात आलं, की हे आता कुठे सुरू होतंय. मला एम.ए. करायचं होतं, आणि या वेळी पोस्टाने नाही. वर्गात बसून, शिकवणारं माणूस समोर असताना, हात वर करून. घाटावरच्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभाग होता, प्रवेश परीक्षा होती. मी दिली. बोलावणं आलं. कागदपत्रं आणि मुलाखत, ऐन मेमध्ये, खळं भरलेलं असताना.

"तुका ह्या वयात नोकरी कोण देतलो?" आये म्हणाली.

"नोकरेसाठी नाय, आये."

"मगे कित्याक?"

"जमता काय बघूचा आसा."

"जमता काय ता माका इचार. वर्साची सोलां जमतत, ता काय जमाचा नाय?" असं म्हणून ती वर म्हणाली, "पण सोलां टाकून जातंस ता बरां नाय."

तिच्या बोलण्यात कौतुक आणि तक्रार कायम एकाच पिशवीत येतात. वेगळी करायच्या भानगडीत मी पडत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी नखं घासली. लिंबू, राख, मुलाचा जुना टूथब्रश. काही उपयोग झाला नाही. आयेने मुठेलाचा गोळा आणून दिला, रातांब्याच्या बियांचं ते तूप, आणि म्हणाली, "रंग जावचो नाय. निदान टाचो तरी बऱ्यो दिसतले." विलासने, म्हणजे नवऱ्याने, टेम्पोने कणकवलीला सोडलं. स्टँडवर तो एवढंच म्हणाला, "खळ्याची काळजी करू नको. मी आसंय." तो आहे म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तो दुपारी झोपतो. मी गाडीत चढले. फोंडाघाट चढून गाडी वर आली, वारा कोरडा झाला, आणि माझ्या हातांचा वास मला एकटीलाच येऊ लागला.

विभागाच्या इमारतीत लांब व्हरांडा होता. टेबलामागे एक गृहस्थ कागद तपासत होते, समोर मुलामुलींची रांग, सगळी माझ्या मुलाच्या वयाची. एकीने मला विचारलं, "काकू, कोणाबरोबर आलात?" मी म्हटलं, "माझ्याबरोबर." माझा नंबर आला. माझी कागदपत्रं क्रमाने लावलेली, झेरॉक्स वेगळ्या, मूळ प्रती वेगळ्या. त्या गृहस्थांनी फाइल बघून मान डोलवली, असं नीट कोणी लावत नाही म्हणाले. मग पदवीच्या प्रमाणपत्राशी आले आणि हात थांबला.

"मुक्तचं आहे."

"हो."

"मग तुम्ही तिकडे बसा, त्या बाजूच्या खुर्चीवर. मुक्तवाल्यांचं वेगळं बघतात."

भिंतीशी एकच खुर्ची होती, रांगेपासून अंतरावर. बोलण्यात वाईटपणा काहीच नव्हता. उलट बसायला सांगत होते, आणि रांगेतली पोरं उभी होती. मी त्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली आणि परत रांगेत येऊन उभी राहिले. गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हटलं, "पिशवी जड आहे. मी उभी राहते." फाइल मात्र वेगळ्या गठ्ठ्यावर गेली, ते मला दिसलं.

आत टेबलापलीकडे तिघं होते. विभागप्रमुख सर, एक मॅडम, आणि एक तरुण प्राध्यापक, जे शेवटपर्यंत चहाच पीत होते. मॅडमनी पुरवठ्याची लवचिकता विचारली. मी व्याख्या सांगितली, अल्पकाळ आणि दीर्घकाळ सांगितला. त्या म्हणाल्या, "उदाहरण द्या." माझ्या ओठांवर रातांबा आला होता. झाडं ठरलेली, हंगाम ठरलेला, भाव कितीही चढला तरी यंदा जास्त रातांबा आणायचा कुठून? याहून चांगलं उदाहरण अख्ख्या पुस्तकात नव्हतं. मी गव्हाचं दिलं.

का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आज येतं. सोलं मला आयेने शिकवली, आणि त्यांना त्यांचा बाजार आहे. तिथे मला कोणी कमी लेखत नाही. अर्थशास्त्र मी पुस्तकातून, एकटीने, काठीने कोंबड्या हाकत शिकले होते. त्या दिवशी मी तेवढंच घेऊन घाट चढले होते. दुसरं काही मांडलं असतं तर लोक तेच बघत बसले असते.

पण हात टेबलावर होते. सरांनी विचारलं, "तुमच्या हातांना काय लागलंय?"

"कोकम, सर."

मग पुढचं सगळं निघालं. कुठल्या गावच्या, किती वर्षं करता, आगळही करता का. सर मनापासून खूश झाले. चांगला माणूस, हे मी आजही म्हणते. ते मॅडमकडे वळून म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." आणि मला म्हणाले, "असं आहे बाई, मुक्तच्या पदवीला नियमाची आडकाठी नाही, पण आमच्या विभागात अजून कोणी तसं आलेलं नाही. सदस्यांमध्ये चर्चा होते. त्यापेक्षा अनुभवी उमेदवारांसाठी आमच्याकडे एक खास जागा असते. उद्योग करणारी बाई म्हणून तुम्हाला तिथे घेऊ. पदवीचा प्रश्नच येणार नाही."

खोलीत पंखा फिरत होता. तरुण प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. ती जागा नक्की होती. 'हो' म्हटलं की मी एम.ए.च्या वर्गात.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाजूची खुर्ची आली.

"सर," मी म्हटलं, "माझी पदवी मोजून घ्याल का? पदवी आणि प्रवेश परीक्षेचे गुण. बाकीच्यांचे मोजता तसेच."

"तिथे चुरस आहे. ही जागा नक्की आहे. तिथली नाही."

"नाव नाही आलं तर मी परत जाईन. पण पदवी मोजून नाही आलं, एवढं तरी मला कळेल."

"मग ती खास जागा दुसऱ्याला जाईल. नंतर मागता येणार नाही."

"चालेल, सर."

सरांना ते आवडलं नाही. द्यायला काढलेली वस्तू कोणी परत केली की माणसाला जे वाटतं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मॅडम इतका वेळ माझ्या गुणपत्रिका उलटत होत्या. त्या म्हणाल्या, "हे लिहून द्याल?" लिहून द्यायला मला आयुष्यात कधी अडचण आलेली नाही. तिथेच टेबलाच्या कडेला अर्ज लिहिला, खाली सही केली, आणि पिशवी उचलून बाहेर पडले. जिना मात्र कठड्याला धरून उतरले.

रात्री मामेबहिणीकडे राहून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, तर खळ्यात भांडण चालू होतं.

आमच्या वाडीची एक रीत आहे. रातांब्यांच्या दिवसांत आभाळात ढग दिसला, की ज्याचं खळं उघडं दिसेल तिथे जवळचा माणूस धावतो. खळं कोणाचं, घरात कोण आहे, आपलं त्यांच्याशी बोलणं आहे की नाही, हे बघत नाहीत. साली भरून आडोशाला नेल्यावर मग बघतात. आदल्या दिवशी मी त्या तिघांसमोर बसले होते, त्याच सुमाराला आचऱ्यावर ढग आला होता. विलास झोपला होता, पण वाडी जागी होती. शेजारची शेवंतीकाकी आणि खालच्या घरची मंदा धावल्या. त्यांनी आमची सोलं पाट्यांत भरली, आपापली भरली, आणि जवळची पडवी म्हणून सगळी आमच्या पडवीत आणून ओतली, एकाच ताडपत्रीवर. पाऊस काही पडला नाही. नुसता गुरगुरून समुद्राकडे गेला. मागे तीन घरांच्या सोलांचा एक ढीग राहिला. कोणाची नुकती फोडलेली, कोणाची अर्ध्यावर, कोणाची व्हायला आलेली.

"माझी काळी होती," शेवंतीकाकी सांगत होती. "झाल्यासारखीच होती."

"काळी तेवढी तुमची आणि कवळी तेवढी आमची काय?" मंदा म्हणाली. "बरां आसा ह्यां."

"तुझी कालच फोडलंस. मी बगलंय."

"दुसऱ्याच्या खळ्यात बगान रवतात, म्हणान सगळा म्हायत."

विलास खांबाला टेकून उभा होता, ज्याची चूक असते तो उभा राहतो तसा. आये ढिगाशी बसून एकेक सोल हातात घेऊन बघत होती. मला वाटलं, निवडतेय. तिने मोठं पिंप पुढे ओढलं.

"निवडूक बसलास तर पावस येतलो," ती म्हणाली. "सगळी बुडवा. हयच, एकाच रसात. रोज पूट द्या. मगे माका दाखवा, कोणाचा सोल खंयचा ता. पाटये जेच्या तेका म्हायत आसत. तितकी मोजून घेवा नि गप घराक जावा."

"माझी झाल्यासारखी होती," शेवंतीकाकी पुन्हा म्हणाली, पण तोवर तिचे हात पिंपात गेले होते.

मग सगळ्यांना आठवलं, की मी कुठून तरी आले आहे.

"तुझा काय झाला?" आयेने विचारलं.

मी सांगितलं. दिलेली जागा परत केल्याचं सांगितलं तेव्हा पिंपातले सगळे हात थांबले.

"देतत ती जागा सोडलंस?" आये म्हणाली. "खुळावलंस काय गो? देवळात प्रसाद दिल्यार तूं इचारतंस काय, खंयच्या परातीतलो तो?"

उत्तर विलासने दिलं. तो खांब सोडून पुढे आला आणि म्हणाला, "घेतली आसती तर जल्मभर सांगत रवली आसती, 'माका तशीच घेतली' म्हणान. आयकूचा माका लागला आसता." मंदा हसली. विलासवरचा माझा दुपारच्या झोपेचा राग तिथल्या तिथे गेला. त्याला ते कळू दिलं नाही.

पुढचे दिवस ढिगाबरोबर गेले. सकाळी तिघींनी मिळून आमच्याच खळ्यात पसरायचं, संध्याकाळी एकाच पिंपात बुडवायचं. सुरुवातीला मी ओळखत होते, ही फिकी मंदाची, ही गडद शेवंतीकाकीची, या जाड सालीची आमची. रोज सकाळी बघायचे. फिकी लाल झाली, लाल काळपट झाली, आणि मग एक सकाळ अशी आली, की मी ताडपत्रीभर बघत राहिले आणि मला माझीही ओळखता आली नाहीत. शेवंतीकाकीने एक उचललं, मुठीत दाबलं, सोडलं. "ह्यां माझा," म्हणाली. मंदाने त्याच्या शेजारचं उचलून तिच्या हातात ठेवलं आणि विचारलं, "आणि ह्यां?" शेवंतीकाकीने दोन्ही परत टाकली.

आमच्या घरात फोनला रेंज येत नाही. विहिरीकडच्या फणसाखाली एक जागा आहे, तिथे येते. प्रवेशाची यादी लागायच्या दिवशी मी सकाळपासून त्या फणसाखाली होते. हातात काम असावं म्हणून झाप विणायला घेतला होता. यादी उघडली, पानं वर सरकवत गेले. वरच्या नावांत मी नव्हते. आणखी खाली गेले. मग माझं नाव आलं, आडनावासकट, सर्वसाधारण यादीत.

नावापुढे पदवीचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, बी.ए. माझ्या वरच्याच्या पुढेही बी.ए. खालचीच्या पुढेही बी.ए. तेवढी दोन अक्षरं मी कितीदा वाचली, सांगत नाही. मला रडू आलं नाही. मी यादी खालपर्यंत नीट बघितली, चूक तर नाही ना म्हणून, मग झापाची राहिलेली ओळ पुरी केली आणि घरात गेले.

"वरसून कितवां?" आयेने विचारलं.

"मधी खंयतरी."

"मधीच बरां," ती म्हणाली. "वरची उनान करपतत नि तळाची भिजलेली रवतत." आणि मग ती उठली, शेवंतीकाकीच्या कुंपणापाशी गेली, आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेवंते, आमच्या सुनंदाचा लागला गो. खास जागा नको म्हणाली ती. सरळ यादीत लागला." जी जागा सोडली म्हणून मला खुळी म्हटलं होतं, तीच आता तिच्या तोंडात मिरवत होती. संध्याकाळपर्यंत तिने ती जागा माझ्याकडून आणखी दोनदा परत करवली.

एम.ए.ची दोन वर्षं मी घाटावर वसतिगृहात काढली. खोलीत माझ्याबरोबर दोन मुली. पहिल्या आठवड्यात त्या मला काकू म्हणायच्या, मग ताई, आणि परीक्षा जवळ आली तेव्हा 'तुमच्या नोट्स द्या ना'. मास्तर समोर नसताना पुस्तक कसं वाचायचं, कुठे थांबायचं, स्वतःलाच प्रश्न कसा विचारायचा, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मला मुक्तच्या पुस्तकांनी शिकवलं होतं. त्या सरांच्या वर्गात मी पहिल्या दिवशी हात वर केला तेव्हा त्यांनी ओळखलं. फक्त म्हणाले, "विचारा." पुढे एकदा लवचिकतेचा तास चालू असताना त्यांनी वर्गाला उदाहरण मागितलं, आणि मी रातांब्याचं दिलं. आता द्यायला हरकत नव्हती. मॅडम निरोप समारंभात मला म्हणाल्या, "तो तुमचा अर्ज मी बैठकीत वाचून दाखवला होता. त्यानंतर चर्चा फार चालली नाही." आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या पुढच्या वर्षी यादीत मुक्तचे आणखी विद्यार्थी आले. विभागाच्या व्हरांड्यात मी त्यांना बघितलं. रांगेत उभे होते.

आता मी दर रविवारी एसटीने मालवणला जाते, त्याच अभ्यासकेंद्रात, पण फळ्याच्या या बाजूला. वर्गात येणाऱ्या बहुतेक बायका. मे महिन्यात त्यांचे हात बाकांवर असतात आणि सगळ्यांची नखं जांभळी. गेल्या रविवारी मी मागणीचा नियम शिकवत होते. मंदाची सून रूपाली पहिल्या बाकावर बसते. तास मधेच थांबवून तिने विचारलं, "मॅडम, ह्या डिग्रेक पुढे कोण इचारता काय ओ? की नुसती घरबसल्याची म्हणतत?"

प्रश्न सगळ्यांचाच होता. मी म्हटलं, "इचारतत. काय काय जण तसांय म्हणतत. पुढचा फॉर्म भरशील तेव्हा पदवीच्या रकान्यात बी.ए. लिही. विद्यापीठाचं नाव पूर्ण लिही, आखडून लिहू नको. आणि कोणी बाजूची खुर्ची दिली, तर तिच्यावर पिशवी ठेव."

"आणि मी?"

"तू रांगेत."

ती वहीत ते लिहून घेऊ लागली, खुर्ची-पिशवीसकट. तेवढ्यात खिडकीबाहेर उजेड उतरला. आचऱ्याच्या बाजूने ढग वर येत होता. अख्ख्या वर्गाच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. माझीही वळली. माझी सोलं खळ्यात होती, आये आता वाकू शकत नाही, आणि विलास दुपारचा झोपतोच. हातातला खडू तसाच राहिला.

रूपालीचा फोन वाजला. ती खाली वाकून कुजबुजली, "होय... होय..." आणि फोन ठेवून म्हणाली, "सासयेचो फोन. सोलां भरली म्हणता."

"कोणाची?" मी विचारलं.

"ता नाय इचारलंय."

वर्ग हसला. ढग अजून वर येत होता. मी पुस्तक परत उघडलं, आणि राहिलेला धडा आम्ही पुरा केला.